गावाचे नियम पैसे घेण्याआधी सांगा : सहल आयोजकांना खुले पत्र

सर्व सहल कंपन्यांचे चालक, ट्रेकिंग गटांचे संयोजक आणि सहलप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या माहितीपत्रकांत हल्ली हॉटेलाऐवजी गावातला मुक्काम दिसू लागला आहे. हिमाचलमधल्या स्पितीतल्या बौद्ध खेड्यात दोन रात्री, मलाण्याचा ट्रेक, जपानमध्ये कोयासानच्या मंदिरात एक रात्र, बालीत एखाद्या कुटुंबाकडे राहणे. हा बदल मला मनापासून आवडला. बसच्या खिडकीतून देऊळ पाहून पुढे जाण्यापेक्षा त्या देवळाच्या घंटेने जाग येणे केव्हाही चांगले. अशा सहलींना मी जाते, पुढेही जाईन.

तक्रार वेगळीच आहे. सामान किती किलो आणायचे, नाश्ता किती वाजता, बुकिंग रद्द केले तर किती पैसे कापणार, हे सगळे तुम्ही बारीक अक्षरात का होईना छापता. ज्या गावात आम्ही झोपणार, तिथे काय चालते आणि काय चालत नाही, याची मात्र त्यात एक ओळ नसते. ते आम्हाला कळते गाडी वेशीवर थांबल्यावर. सहलप्रमुख माइक हातात घेऊन घाईघाईने चार वाक्ये सांगतात, तेव्हा निम्मे लोक वरच्या बॅगा काढत असतात आणि उरलेल्यांना स्वच्छतागृह कुठे आहे हे हवे असते. माझी मागणी एवढीच आहे : गावाचे नियम पैसे घेण्याआधी सांगा.

मलाण्याचेच घ्या. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात, पार्वती खोऱ्याला येऊन मिळणाऱ्या नाल्याच्या वर हे गाव आहे. गावाचा कारभार जमलू देवतेच्या नावाने चालतो. जमलू म्हणजे जमदग्नी ऋषी, आणि माहूरच्या रेणुकेमुळे ते आपल्याला परके नाहीत. बाहेरून आलेल्याने तिथल्या मंदिराला, घरांच्या भिंतींना, माणसांना हात लावायचा नाही. दुकानदार वस्तू हातात देत नाही, खाली ठेवतो. आपण पैसेही खालीच ठेवायचे. हात लागला तर दंड, आणि तो शुद्धीच्या विधीसाठी असतो. तशा पाट्या गावात लावलेल्या आहेत.

एका गटाबरोबर मी तिथे गेले होते. आमच्यातला एक जण देवळाजवळच्या लाकडी ओट्याला टेकून फोटोसाठी उभा राहिला. समोरच्या घरातून एक म्हातारी ओरडत बाहेर आली. तिची भाषा आम्हाला कळत नव्हती, पण ती चिडण्यापेक्षा घाबरली आहे एवढे चेहऱ्यावरून दिसत होते. आमच्या सहलप्रमुखांनी खिशातून नोटा काढल्या आणि हसून म्हणाले, "काळजी करू नका, दंड आपण भरू. फोटो नीट आला ना?" गटात हशा पिकला. म्हातारी तिथेच उभी होती.

त्या नोटांनी दंडाचे तिकीट करून टाकले. चूक झाली, मान खाली घालून दंड भरला, तर गाव समजून घेते. दंड भरण्याची तयारी ठेवूनच चूक करायची, तर त्या गावाशी आपले नाते गिऱ्हाइकाचे उरते, पाहुण्याचे नाही. आणि हे शिकवतो कोण? ज्याच्या भरवशावर पंचवीस-तीस माणसे तिथे गेलेली असतात, तोच.

पुढे काय होते तेही मलाण्यातच दिसले. २०१७ मध्ये देवतेचा आदेश म्हणून गावातली गेस्ट हाउस बंद करण्यात आली. बाहेरच्यांनी दिवसा यावे, रात्री गावात राहू नये. यात नुकसान कोणाचे झाले? आपण दुसरीकडे तंबू ठोकला. ज्या कुटुंबांनी दोन खोल्या वाढवून चार पैसे मिळवायला सुरुवात केली होती, त्यांचे ते उत्पन्न गेले. पाहुणा मर्यादा सोडतो तेव्हा गावापुढे उत्तर यजमानाला द्यावे लागते. पाहुणा तोवर पुढच्या मुक्कामी पोहोचलेला असतो. म्हणून "लोकांना सांगितले होते हो, ऐकले नाही" असे म्हणून तुम्हाला हात झटकता येणार नाहीत.

मलाण्याचा नियम ऐकून महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात एक गोष्ट लगेच येईल, आणि ती यायलाच हवी. शिवू नका, लांब उभे राहा, पैसे खाली ठेवा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हे शब्द आपल्याच गावात ऐकले, त्यांना ते दोन दिवसांच्या सहलीत पुन्हा ऐकताना काय वाटेल? मलाण्यात हा नियम बाहेरच्या सगळ्यांनाच आहे, कोणाची जात विचारून लावलेला नाही, हे खरे. तरीही ज्याच्या घरात ती जखम आहे, त्याने आपल्या कष्टाचे पैसे भरून तिथे जावे की नाही हे त्याला आधी ठरवता आले पाहिजे. वेशीवर पोहोचल्यावर ते सांगणे हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि त्या कलमामागचा इतिहास ज्यांनी सोसला त्यांना निवडीचा हक्क तुम्ही एक ओळ छापूनही देत नाही. मला तो नियम पटत नाही, मी जाणार नाही, असे म्हणणारा माणूस गावाचा अपमान करत नसतो. नियम पटत नसताना जाऊन भिंतीला मुद्दाम हात लावणारा करतो.

बायकांच्या बाबतीतही हेच. बालीतल्या बहुतेक मंदिरांत मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रियांनी येऊ नये असा नियम आहे, आणि दारावर तशी पाटीही असते. मला तो पटत नाही, हे इथेच स्पष्ट सांगते. पण तो बदलायचा की नाही हे तिथल्या बायका, तिथली गावे आणि तिथले कायदे ठरवतील. आपल्याकडे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचा आधार घेतला गेला आणि त्याच वर्षी गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. ती लढाई इथल्या बायकांची होती, त्यांच्या हक्काच्या देवळासाठी होती, आणि त्यांनी ती उघडपणे लढली. परक्या गावात दोन दिवस राहून, काही न सांगता गुपचूप आत जाण्याने कोणाचाच हक्क पुढे सरकत नाही. तुम्ही मात्र एवढे करू शकता : ही माहिती आधी लेखी द्या, आणि दारापाशी सगळ्यांसमोर "कोणाला अडचण आहे का?" असे विचारू नका. हा प्रश्न पुरुष सहलप्रमुखाने मोठ्याने विचारलेला मी ऐकला आहे. एक मुलगी काहीही न बोलता मागे फिरली आणि बाकीच्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिले.

बालीत आपल्या लोकांची एक खास अडचण होते. "आपलेच तर देव आहेत" असे म्हणत आपण सरळ आत शिरतो. गणपती, शिव, विष्णू ओळखीचे दिसले की घरच्या देवळात आल्यासारखे वाटते, ते साहजिक आहे. पण तिथे कमरेला सारोंग आणि त्यावर पट्टा बांधल्याशिवाय आत जात नाहीत. आतल्या अंगणात पूजेला आलेले लोक बसलेले असतील तर त्यांच्या समोरून जात नाहीत, पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभे राहत नाहीत. रस्त्यावर, दुकानाच्या पायरीवर, घराच्या दारात नारळाच्या कोवळ्या पानाची हातभर नव्हे, तळहाताएवढी चौकोनी टोपली ठेवलेली असते. तिच्यात फुलांच्या पाकळ्या, थोडासा भात, वर जळती उदबत्ती. घरातली बाई रोज सकाळी उठून ती विणते, भरते, ठेवते. तिच्यावर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालायचे असते. आपण मान वर करून मोबाइलमध्ये देऊळ बसवत चालतो, आणि पाय नेमका त्या पाकळ्यांवर पडतो.

त्याच बालीत शक संवत्सराचा पहिला दिवस न्येपी म्हणून पाळतात. शक म्हणजे आपल्या पंचांगातलाच. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चला आले. आपल्याकडे शके १९४५ ढोलताशांत सुरू झाले, तिकडे संपूर्ण शांततेत. न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ चोवीस तास बंद असतो. गावचे रखवालदार रस्त्यावर फिरतात आणि परदेशी पाहुण्यानेही आपल्या निवासाच्या आवाराबाहेर पडायचे नसते. ज्याला हे आधी माहीत आहे, त्याच्यासाठी ती रात्र आयुष्यभर लक्षात राहील अशी असते, कारण अख्ख्या बेटावर दिवे नसतात आणि वर आकाश भरून तारे दिसतात. माहीत नसलेल्यासाठी तो एक वाया गेलेला दिवस असतो आणि तो दिवसभर तुमच्या प्रतिनिधीशी भांडत बसतो. फरक फक्त आधी सांगण्याचा आहे.

वेळापत्रकाचा मुद्दा तर मला फार मोठा वाटतो. तुमचे वेळापत्रक आणि गावाचे वेळापत्रक जुळत नसेल तर बदलायचे कोणाचे, हे तुम्ही गृहीतच धरलेले असते. कोयासान ही डोंगरावरची मंदिरांची वस्ती. कुकाई, म्हणजेच कोबो दाइशी, या बौद्ध भिक्षूंना ती जागा ८१६ मध्ये मिळाली. तिथल्या शंभराहून अधिक मंदिरांपैकी पन्नासेक मंदिरांत पाहुणे राहू शकतात. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच मिळते, शाकाहारी, मठाच्या पद्धतीचे. रात्री फाटक लागते, पहाटे प्रार्थना असते. अशा ठिकाणी दुपारभर खरेदी करून रात्री नऊला पोहोचणारी सहल तुम्ही आखलीच कशी? भिक्षूने ताटे झाकून ठेवलेली असतात, तो वाकून नमस्कार करतो, काही बोलत नाही, आणि आपण समजतो की चालते.

मिझोरममध्ये रविवार चर्चचा. दुकाने बंद, गाड्या मोजक्या. तिथे रविवारी "लोकल मार्केट भेट" ठेवू नका. पॅसिफिक महासागरातल्या सामोआला आपल्याकडून फार कोणी जात नाही, पण तिथल्या खेड्यांची रीत मला सांगावीशी वाटते. संध्याकाळी शंख वाजतो किंवा घंटा होते, घरोघरी प्रार्थना सुरू होते आणि तेवढा वेळ गावातून कोणी फिरत नाही. गावचे तरुण रस्त्यावर उभे राहून पाहुण्यालाही थांबवतात. दहा-वीस मिनिटांचा प्रश्न. तेवढी मिनिटे तुमच्या आखणीत बसत नसतील तर चूक त्या शंखाची नाही.

आता फोटो. स्पितीतला ताबोचा मठ ९९६ सालचा. मातीच्या भिंती, आत अंधार, आणि त्या अंधारात हजार वर्षांपूर्वीची चित्रे. आत फोटो काढायला बंदी आहे. कोयासानला ओकुनोइनच्या दफनभूमीत शेवटचा पूल ओलांडला की कॅमेरा बंद, खाणेपिणे बंद, टोपी काढायची. कोबो दाइशी ८३५ पासून तिथे ध्यानात बसलेले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि त्यांच्यासाठी आजही रोज दोनदा जेवण नेले जाते. लाकडी पेटी खांद्यावर घेऊन भिक्षू पुलावरून जातात तेव्हा आजूबाजूचे लोक वाकतात. तो क्षण कॅमेऱ्यात धरता येत नाही म्हणून हळहळणारे मी पाहिले आहेत. अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या गावांत तर फोटोसाठी उभे राहणे त्यांच्या धर्मसमजुतीतच बसत नाही, तरी लोक गाडीतून लेन्स लावतातच. २०२२ मध्ये बालीत एका परदेशी पर्यटक स्त्रीने गावाला पवित्र असलेल्या शेकडो वर्षांच्या झाडावर विवस्त्र फोटो काढले. तिला देशाबाहेर पाठवले गेले, आणि त्या जागेच्या शुद्धीसाठी गावाला विधी करावे लागले.

गटातून एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : "त्यांच्या हातात आपल्यापेक्षा महागडे मोबाइल आहेत, आणि आपल्याला परंपरा शिकवतात." हो, आहेत मोबाइल. बाहेरच्या जगातले काय घ्यायचे आणि काय दाराबाहेर ठेवायचे हे ते ठरवतात, तुम्हीआम्ही नाही. मेघालयात मॉफलाँगच्या देवराईतून एक पानही बाहेर न्यायचे नाही, असा खासी लोकांचा नियम आहे. वाट दाखवणारा स्थानिक तरुण अंगात जीन्सचे जाकीट घालून हे सांगतो, म्हणून तो नियम खोटा ठरत नाही. आपल्याकडच्या कित्येक देवरायाही याच धाकाने टिकल्या आहेत, हे कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

"सगळे नियम आम्हाला कुठून कळणार?" असे तुम्ही म्हणाल. विचारून. फिजीच्या खेड्यांत पाहुणा आधी गावच्या मुख्याला भेटतो. यांगोना नावाच्या झाडाची मुळी त्याच्यापुढे ठेवतो आणि गावात येण्याची परवानगी मागतो. मुख्याने ती स्वीकारली की पाहुण्याची जबाबदारी गावावर. गावात टोपी घालायची नाही, खांदे झाकायचे, कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, हे ओघाने कळतेच. तुमच्यापैकी किती जणांनी मुक्कामाच्या गावात पहिली सहल नेण्याआधी जाऊन, गावातल्या कर्त्या माणसांसमोर बसून, "आम्ही तीस माणसे आणतो, चालेल का? काय पाळायचे?" असे विचारले आहे? एका घरमालकाशी खोल्यांचा दर ठरवणे म्हणजे गावाची परवानगी नव्हे. घरमालक गरजेपोटी बऱ्याच गोष्टींना होकार देतो आणि मग गावात त्यालाच बोलणी खावी लागतात.

म्हणून माझे मागणे असे. ज्या सहलीत धार्मिक गावातला मुक्काम आहे, तिच्या माहितीपत्रकात त्या गावाच्या नियमांचे एक पान द्या, गावातल्या माणसांकडून तपासून घेतलेले, मराठीत, ठळक अक्षरांत. कपडे, स्पर्श, फोटो, आवाज, मद्य, पाळी, उपासाचे आणि बंदचे दिवस, जे लागू असेल ते. बुकिंगची रक्कम ते पान वाचून सही केल्यावरच घ्या. नियम मान्य नसणाऱ्याला कटकट्या समजू नका, त्याला दुसरी सहल सुचवा. गट छोटा ठेवा. चाळीस माणसे एखाद्या गल्लीत शिरली की सगळे नियम पाळूनही गावाला त्रासच होतो. वाटाड्या गावातलाच घ्या आणि नियमाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा राहू द्या. गटातल्या कोणी ऐकले नाही तर सहलप्रमुखाने न ऐकणाऱ्याची बाजू घेऊन वेळ मारून नेऊ नये. ब्लूटूथ स्पीकर आणि ड्रोन अशा मुक्कामी नेऊ नयेत, हे तर मी सरळ बंदी म्हणूनच मागते.

गिऱ्हाईक कमी होईल ही भीती तुम्हाला असेल. थोडे होईलही. ज्यांना गावात फक्त शेकोटी, गाणी आणि रील हवे आहेत ते जाणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी तुमच्याकडे रिसॉर्ट आहेतच. जे येतील ते ताबोला जाताना मणि-भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, उजव्या हाताला ठेवून चालतील, आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो तसेच. आणि तुमच्या सहलप्रमुखाला त्यांच्या मागे ओरडत फिरावे लागणार नाही.

येत्या हंगामाच्या जाहिराती आता निघतील. फोन करून मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की गावाचे नियम लेखी मिळतील का. माझ्या ओळखीतले बरेच प्रवासी हेच विचारणार आहेत. "तिथे गेल्यावर सांगू" असे उत्तर आले, तर आम्ही त्या सहलीला पैसे भरणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक प्रवासी